देहूचे महाजन आणि दारचा तगादा

श्रीतुकोबारायांचे चरित्र सांगायला आम्ही उभे राहिलो की श्रोत्यांचे डोळे लागतात ते इंद्रायणीच्या डोहाकडे आणि वैकुंठीच्या विमानाकडे. त्यांच्या दारात तगाद्याला येऊन बसलेल्या सावकाराच्या माणसाकडे कोणी पाहत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे पाहिले नाही. मागे एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ बाजूला आले नि हळूच विचारते झाले, की महाराजांनी खतपत्रे बुडवली, मग आम्ही आमचे हप्ते बुडवले तर काय बिघडले? बोलता बोलता त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो दाबून बंद केला. चेहरा पाहून आम्ही उमजलो. म्हणून हे चरित्र आज त्या बाजूने सांगतो.

महाराजांचा जन्म देहूचा, १६०८ सालचा. वडील बोल्होबा, आई कनकाई. वडील बंधू सावजी, धाकटे कान्होबा. घरात विश्वंभरबाबांपासून पंढरीची वारी, आणि तिच्या जोडीला बाजारची महाजनकी, शेती, सावकारी. म्हणजे देणेकऱ्याच्या दारी माणूस धाडणारे हे घर, हे आधी ध्यानात घ्या. सावजींचे मन प्रपंचात नव्हते, तेव्हा तेराव्या वर्षीच वह्या तुकोबांच्या हाती आल्या. सतराव्या वर्षी आईबाप गेले. पाठोपाठ भावजय गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेले.

पुढे १६३०-३१ चा तो भयंकर दुष्काळ. ज्यांच्याकडे येणे होते ते देशोधडीला लागले, आणि ज्यांचे देणे होते ते मात्र दारात उभे राहिले. सावकारीचा धंदा असा दोन्ही तोंडांनी चावतो. महाराजांचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई, आधीच दम्याने खंगलेली, अन्नान्न करीत गेली. मुलगा संतूही गेला. आपली पत गेली, लोकांत तोंड दाखवायची लाज वाटली, हे महाराजांनी आपल्या अभंगांत स्वतःच सांगून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या पुरुषाने ते झाकले नाही, बरे का.

आता तगादा म्हणजे काय ते थोडे सांगू. मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत पहिले ऋणादान. खून, चोरी मागाहून! आणि दिलेले वसूल करण्याचे पाच मार्ग सांगितले : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. यातल्या ‘आचरिता’चा अर्थ टीकाकार करतात तो असा, की ऋणकोची बायको, मुले, गुरे अडकवायची आणि त्याच्या दारात ठाण मांडून बसायचे. हेच आपले धरणे. पण त्याच शास्त्राने व्याजाला दामदुपटीचा बांधही घातला : एका वेळी मुदलाच्या दुपटीहून अधिक मागता येत नाही. आजचे धरणे फोनवर बसते. त्यालाही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बांध घातला, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांत अब्रू काढायची नाही. हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हते. आम्ही सांगितले आणि म्हटले, फोन उचला, किती देणे आहे ते लेखी मागा, झेपेल ती मुदत मागा. पण दडी मारू नका.

असो. महिपतीबाबा ताहराबादकरांनी पुढची कथा दिली आहे. धाकटी पत्नी जिजाई पुण्याच्या सावकाराची, गुळव्यांची लेक. नवऱ्याला कोणी दमडी उभी करीना, तेव्हा तिने आपल्या नावावर खत लिहून दिले आणि दोनशे रुपये काढले. महाराज मीठ भरून बालेघाटी गेले, विकले, दोनशेचे अडीचशे झाले. परतताना वाटेत एका ब्राह्मणाला कर्जापायी सावकाराची माणसे ओढीत नेत होती. महाराजांनी अडीचशेच्या अडीचशे त्याच्यासाठी मोजले आणि रित्या हाताने घरी आले.

कीर्तनात इथे जिजाई कडकडते आणि मंडप हसतो. आम्हीही तिची नक्कल करून पुष्कळ हशा घेतला आहे; आता त्याची लाज वाटते. ब्राह्मण सुटला, पण खतावर नाव कोणाचे होते? जिजाईचे. सावकाराचा माणूस आला तर जाब तिलाच द्यायचा, तोही पोरे पदराला धरून. तिच्या रागाला आम्ही अज्ञान म्हणत होतो. तो राग हिशेबाचा होता, आणि हिशेब बरोबर होता.

यानंतर महाराज भामनाथ डोंगरावर जाऊन बसले. कान्होबा शोधत आले, तेव्हा इंद्रायणीकाठी घरातली सगळी खतपत्रे मागवली. लोकांकडून येणे असलेले ते कागद. त्यांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धे कान्होबांना दिले, त्यांच्या पोराबाळांचा हक्क म्हणून. आपले अर्धे डोहात सोडले. नीट पाहा, बुडवले ते आपले येणे. कोणाचे देणे बुडवले नाही, आणि भावाचेही बुडवले नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांचे रोखे हिसकून जाळले, तो प्रकार निराळा. तिथे ऋणकोने आग लावली होती. तिचे दुःखही खरे होते, आणि १८७९ साली सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. पण देहूच्या डोहाशी उभा होता तो धनको. त्या दिवसापासून देहूच्या कित्येक उंबऱ्यांवरचा तगादा उठला, आणि महाराजांचे स्वतःचे देणे मात्र जिथल्या तिथे राहिले. गृहस्थांना आम्ही हेच उत्तर दिले. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, मुदत मागून बघतो.

१६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज गेले, तेव्हा जिजाईला दिवस राहिले होते. मागाहून झालेला तो मुलगा नारायणबाबा. देहूहून पादुका पालखीत घालून पंढरीला नेण्याची वहिवाट १६८५ साली त्यांनीच घातली.