बालकवी : शेवटापासून मागे वाचलेले आयुष्य

मनोविश्लेषणात्मक रहस्यकथा वाचताना येणारा एक अनुभव तुमच्या परिचयाचा असेल. शेवटच्या पानावर अनपेक्षित उलगडा होतो, आपण क्षणभर थबकतो आणि पुन्हा पहिल्या प्रकरणाकडे वळतो. आधी साधे वाटलेले वाक्य आता सूचक वाटते. एखाद्या पात्राचे हसणे संशयास्पद ठरते. हे पुनर्वाचन रास्तच असते, कारण त्या खुणा लेखकाने जाणूनबुजून पेरलेल्या असतात. पण हीच रीत आपण एखाद्या खऱ्या माणसाच्या आयुष्याला लावली तर काय होते? या पाठात ज्या कवीचा परिचय करून घ्यायचा आहे, त्याच्या वाट्याला असे वाचन शंभर वर्षे आलेले आहे.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म 13 ऑगस्ट 1890 रोजी धरणगाव येथे झाला. वडील पोलीसखात्यात होते, त्यामुळे बदल्यांबरोबर कुटुंबाचे बिऱ्हाडही खानदेशात हलत राहिले. सलग आणि शिस्तशीर शिक्षण त्यांना फारसे लाभले नाही. त्या काळी सारा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्याहून चाले. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. लगेच पुढच्या वर्षी, 1907 मध्ये, या नव्या जिल्ह्याच्या ठाण्यात महाराष्ट्रातील कवी एकत्र जमले.

जळगावचे ते कविसंमेलन ठोमऱ्यांच्या आयुष्यातील पहिली मोठी कलाटणी होय. अध्यक्षस्थानी कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. मान्यवरांच्या त्या सभेत सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने आपली कविता म्हणून दाखविली. सभा चकित झाली, आणि कीर्तिकरांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. पदवी कौतुकाची होती, यात शंका नाही. परंतु ती पुढे आयुष्यभर चिकटून राहिली. ज्याचे नावच बालकवी, त्याने प्रौढ माणसाचे दुःख लिहावे अशी अपेक्षा कोण करणार?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला आपलेसे केले. अहमदनगरला टिळकांच्या घरी ठोमरे काही काळ राहिले. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला होता; ब्राह्मण घरातील मुलाने त्या घरी राहावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. नगरला त्यांनी शिक्षकाची नोकरीही केली. मात्र पोटापाण्याची स्थिर सोय त्यांना कधी लाभली नाही. लग्न झाले होते, घरची जबाबदारी होती आणि स्वभाव व्यवहाराशी जुळणारा नव्हता. हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. दीडशेहून अधिक कविता, त्यांतील काही अपुऱ्या, एवढे त्यांचे संचित.

5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. जळगावहून भुसावळला जाताना तुमच्यापैकी अनेकांनी ते छोटे स्थानक खिडकीतून पाहिले असेल.

फुलराणी लिहिणाऱ्या कवीचा असा शेवट वाचकांना सहन झाला नाही. हा अपघात होता की आणखी काही, अशी चर्चा सुरू झाली आणि सगळी कविता उलट्या दिशेने वाचली जाऊ लागली. आठ ओळींची औदुंबर ही कविता घ्या. टेकड्या, गाव, ओढा, शेते, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेले झाड एवढेच तीत आहे. काहींना त्या झाडात निवांत, अलिप्त मन दिसते. काहींना गूढ खिन्नता. पण भादलीची बातमी मनात ठेवून तो काळा डोह पाहिला की वाचकाला तिथे मृत्यूच दिसू लागतो. मग कवितेचे पुरावापत्र होते, आणि वाचक गुप्तहेर.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे एक गफलत आहे आणि ती बरीचशी आपल्या शालेय क्रमिक पुस्तकांची आहे. शाळेत आपण श्रावणातले ऊनपाऊस, निर्झर आणि आनंदाचे गाणे पाठ करतो. खेड्यातील रात्र मधली भयाण शांतता, पारवा मधील ओसाड एकटेपण, शून्य मनाचा घुमट मधली पोकळी सहसा तिथवर पोहोचत नाही. निम्मा कवी झाकून ठेवायचा आणि शेवट आला की दचकायचे, असा हा प्रकार आहे. रहस्यकथेत माहिती दडवितो तो लेखक. येथे ती आपणच दडविली. सर्व कविता शेजारी ठेवून वाचल्या तर उजेड आणि काळोख एकाच मनात नांदताना दिसतात. त्यामुळे मृत्यूचे कोडे सुटते असे मात्र नाही. रुळावरच्या त्या क्षणाचे उत्तर कवितेत शोधणे व्यर्थ आहे, कारण कविता लिहिताना तो क्षण कवीलाही ठाऊक नव्हता.

म्हणून पुढील घटकातील कवितांकडे जाण्यापूर्वी एक करा. औदुंबर एकदा घरातील अशा कोणाला तरी वाचून दाखवा, ज्याला कवीचे नाव आणि चरित्र ठाऊक नाही. त्याला काय दिसले ते वहीत टिपा आणि मग स्वतःचे टिपण त्याशेजारी लिहा.

जमल्यास लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे मधील ठोमऱ्यांविषयीची पानेही वाचा. ती त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेली आहेत; शेवट लक्ष्मीबाईंना अर्थातच माहीत होता. तरी त्या पानांतला ठोमरे लहरी आहे, पोरकट आहे, आणि रुसून बसला की घरातल्यांना त्याची समजूत काढावी लागते.