गाडगिळांची मोजपट्टी

२०१७-१८ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केला. कारण देण्यात आले ते आकडेवारीच्या दर्जाचे. पुढची पाहणी २०२२-२३ मध्ये झाली. म्हणजे २०११-१२ नंतरची अकरा वर्षे देशाचे राहणीमान कसे बदलले, याचे अधिकृत उत्तर कोणाकडेच नव्हते. आकडे गैरसोयीचे ठरोत वा सोयीचे, ते नियमाने गोळा करावेत आणि लोकांसमोर ठेवावेत, ही शिस्त ज्यांनी या देशात रुजवली त्यांत धनंजयराव गाडगीळ यांचे स्थान फार वरचे आहे.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिकला जन्मलेल्या धनंजयरावांचे उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. भारतीय उद्योगांच्या वाटचालीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला, तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. सुरतेच्या महाविद्यालयात प्राचार्यपद भूषविल्यावर, रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी घेतली, ती थेट १९६६ पर्यंत सांभाळली.

दारिद्र्यावर व्याख्याने देणारे त्या काळी पुष्कळ होते. घरोघर जाऊन ते मोजणारे थोडे. गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीचा जमाखर्च मांडला, पुणे शहरातील कुटुंबांची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याच संस्थेतील नी. वि. सोवनी व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये त्याच पुण्याची फेरपाहणी केली. एका पाहणीतून स्थिती कळते. बदल कळायचा तर तेच प्रश्न, तुलना करता येईल अशा पद्धतीने, पुन्हा विचारावे लागतात. राष्ट्रीय पाहण्यांचे सारे शास्त्र या साध्या तत्त्वावर उभे आहे.

१९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस अध्यक्ष, तर गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने हाती घेतलेल्या ग्रामीण पतपाहणीच्या संचालन समितीतही गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के असल्याचे तिने १९५४ मध्ये दाखवून दिले आणि सहकाराविषयीचे सरकारी धोरणच पालटले. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळणाऱ्या गाडगिळांना त्या तीन टक्क्यांचा अर्थ कागदाबाहेरही ठाऊक होता.

लोकांच्या मिळकतीपाठोपाठ त्यांची मनेही मोजली जाऊ लागली. १९५१-५२ मध्ये संयुक्त राष्ट्रे आणि भारत सरकार यांनी म्हैसूर राज्यात केलेल्या लोकसंख्या पाहणीत बंगळुरू शहरही होते. मुले किती असावीत, कुटुंबनियोजनाविषयी काय वाटते, असे प्रश्न तीत होते. मात्र असे प्रश्न देशभर ठरावीक काळाने विचारणारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ मध्ये सुरू झाली. तिची पाचवी फेरी २०१९-२१ मध्ये झाली. या फेऱ्या एकमेकींशी जोडता येतात, म्हणूनच अपत्यसंख्येविषयीच्या इच्छा कशा बदलल्या हे सांगता येते.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना मिळणारी केंद्रीय मदत दिल्लीच्या मर्जीवर न ठेवता निकषांना बांधणारे सूत्र १९६९ मध्ये त्यांच्या नावाने रूढ झाले. त्यात साठ टक्के भार लोकसंख्येला होता. आकडा म्हणजे राज्याचा हक्क, हे त्या सूत्राने प्रशासनाला शिकवले. पद सोडल्यानंतर लवकरच, ३ मे १९७१ रोजी, त्यांचे निधन झाले. आयोगही २०१५ मध्ये इतिहासजमा झाला.

प्रश्न मात्र उरला आहे, आणि तो बंगळुरूच्या इंदिरानगरात ठळकपणे दिसतो. म्हैसूरची पाहणी झाली तेव्हा बिन्नमंगल हे तेथील एक गाव होते. आज तेथे देशभरातून आलेली सुस्थित कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत. अशा वस्त्यांत पाहणी कर्मचाऱ्याला फाटकावरचा पहारेकरीच अडवतो, आणि श्रीमंतांचा खर्च आकड्यांतून निसटतो. म्हणून २०२२-२३ मध्ये शहरी कुटुंबांची निवड करताना मोटार आहे की नाही आणि ती किती किमतीची, याचा आधार घेण्यात आला. सुधारणा योग्यच, पण पद्धत बदलल्याने २०११-१२ शी थेट तुलना अवघड झाली.

मोजपट्टी सुधारावी, पण जुन्या मोजमापाशी तिचा सांधा तुटू देऊ नये आणि आलेले माप दडवू नये, हे गाडगिळांच्या कार्यातून निघणारे सार आहे. ते पाळण्याची पहिली जबाबदारी दिल्लीतील अधिकाऱ्यांची, आणि दार उघडून खरे उत्तर देण्याची इंदिरानगरातील रहिवाशांची. दोघांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला, तरी देशाला स्वतःविषयी अंदाजच बांधत बसावे लागेल.