कर्णबधिरांचे आचार्य लोराँ क्लेर

घरी पाहुणे आले की ऐकू न येणाऱ्या मुलाला हळूच आतल्या खोलीत नेणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. लग्नकार्यात ते मूल हातवारे करून काही सांगू लागले की त्याचे हात धरून खाली केले जातात. चार लोक पाहत आहेत, एवढे डोळ्यांनी सुचवले जाते. आपल्या बहिरेपणाची लाज त्या मुलाला पहिल्यांदा वाटते ती अशा क्षणी, आणि ती शिकवणारे बहुधा त्याच्यावर जीव लावणारेच असतात. या स्मरणिकेत एक चरित्रलेख द्यावा असे ठरले तेव्हा आम्ही लोराँ क्लेर यांचे नाव निवडले ते याच कारणाने. दोनशे वर्षांपूर्वी हा फ्रेंच कर्णबधिर तरुण अमेरिकेत गेला, मुखावाटे न बोलता तेथील श्रोत्यांशी, लोकप्रतिनिधींशी, प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षांशी त्याने संवाद साधला, आणि त्या देशातील कर्णबधिरांच्या शिक्षणाचा पाया घातला. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या वाचकांना त्याच्या चरित्रातील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील.

लोराँचा जन्म २६ डिसेंबर १७८५ रोजी फ्रान्समधील ल्यों शहरापासून जवळच असलेल्या ला बाल्म या खेड्यात झाला. वडील गावचे मेयर होते, घर खाऊनपिऊन सुखी होते. मूल वर्षाचे असताना खुर्चीवरून स्वयंपाकघरातील विस्तवात पडले. गाल भाजला आणि व्रण कायमचा राहिला. मुलाचे ऐकणे आणि वास घेणे या दोन्ही शक्ती त्या अपघातानेच गेल्या असे घरच्यांनी धरले. तो जन्मतःच बहिरा असण्याचीही शक्यता होतीच. सात वर्षांचा असताना आई त्याला ल्योंच्या एका वैद्याकडे घेऊन गेली. तेथे रोज कानात कसलेसे द्रव सोडण्याचे उपचार झाले. गुण काही आला नाही. मुलाला घेऊन या दारातून त्या दारात फिरणाऱ्या आईबापांची व्यथा आम्हास नवी नाही, म्हणून हा तपशील गाळवत नाही. पुढची काही वर्षे लोराँने गावात हिंडण्यात आणि आईची गुरे, पक्षी राखण्यात घालवली. घरातल्यांशी तो जुजबी खुणांनी बोले. अक्षरओळख मात्र त्याला मुळीच नव्हती.

बाराव्या वर्षी, १७९७ साली, काकांनी त्याला पॅरिसच्या मूकबधिर विद्यालयात आणून सोडले. घर सुटल्यावरची पहिली रात्र कशी जाते, हे आमच्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. हे विद्यालय आबे द लेपे या धर्मोपदेशकाने उभे केले होते. कर्णबधिर माणसे आपसांत ज्या खुणा करतात त्यांनाच शिक्षणाचे माध्यम बनवावे, हा त्याचा मोठा शोध. लोराँ आला तेव्हा लेपे हयात नव्हता. आबे सिकार हा प्राचार्य होता. परंतु लोराँच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो त्याचा पहिला शिक्षक, ज्याँ मासिय. मासिय स्वतः जन्मतः बहिरा होता, लहानपणी मेंढ्या राखीत असे, आणि त्याची भावंडेही बहिरीच होती. आपल्यासारखाच न ऐकणारा एक प्रौढ माणूस फळ्यासमोर उभा राहून शिकवतो आहे, लिहितो आहे, मान मिळवतो आहे, हे दृश्य बारा वर्षांच्या मुलाने पाहिले. आमच्या मते त्याचे खरे शिक्षण तेथूनच सुरू झाले. सोबत्यांनी त्याला खुणेचे नावही दिले. दोन बोटे गालावरून खाली ओढली की लोराँ, असे ते नाव. ज्या व्रणाकडे दुसऱ्या कोणी दया येऊन पाहिले असते, तोच त्याची ओळख झाला, आणि त्यात कोणालाही वावगे वाटले नाही.

त्याच विद्यालयात एक आबे मुलांना मुखाने बोलावयास शिकवीत असे. लोराँला द आणि त यांतील भेद काही केल्या जमेना. ज्याला दोन्ही आवाज ऐकू येत नाहीत त्याला तो जमावा तरी कसा? एके दिवशी चिडलेल्या शिक्षकाने त्याच्या हनुवटीखाली असा तडाखा दिला की त्याची जीभ दातांखाली सापडली. लोराँ रडला, आणि यापुढे बोलण्याचा प्रयत्न करावयाचा नाही असा त्याने निश्चय केला. हा निश्चय त्याने जन्मभर पाळला. काहींना यात हट्ट दिसेल. आम्हास तसे वाटत नाही. भाषेकडे त्याने पाठ फिरवली नव्हती. फ्रेंच लेखनात तो पारंगत झाला आणि विशी उलटता उलटता त्याच विद्यालयात शिक्षक झाला. जे साधन आपले नव्हे त्याच्या मोजपट्टीने स्वतःला मोजून घ्यावयाचे नाही, एवढेच त्याने ठरवले होते.

१८१५ मध्ये सिकार आपल्या या दोन कर्णबधिर शिक्षकांना घेऊन लंडनला गेला. तेथे जाहीर सभांतून क्लेर आणि मासिय श्रोत्यांच्या प्रश्नांना लिहून उत्तरे देत. या मुक्कामात क्लेर यांनी तेथील मूकबधिर मुलांच्या आश्रमशाळेस भेट दिली. मुले जेवायला बसली होती. क्लेर यांनी हात हलवून खुणा करताच पंगतच्या पंगत त्यांच्याकडे वळली आणि त्या मुलांचे चेहरे उजळून निघाले. देश निराळा होता आणि इंग्रजीचा गंध नव्हता, तरी क्लेर यांना त्या मुलांत परके वाटले नाही.

लंडनमध्येच त्यांची गाठ थॉमस गॅलॉडेट या अमेरिकन धर्मोपदेशकाशी पडली. हार्टफर्ड येथील डॉक्टर कॉग्जवेल यांची मुलगी अ‍ॅलिस आजारपणात बहिरी झाली होती. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा काढावी म्हणून गावकऱ्यांनी गॅलॉडेट यांना युरोपात पाठवले होते. इंग्लंडमधील शाळा चालवणाऱ्या घराण्याने आपली पद्धत गुप्त ठेवण्याच्या अटी घातल्या. पॅरिसचे दार मात्र उघडे होते. गॅलॉडेट तेथे जाऊन क्लेर यांच्याकडून खुणांची भाषा शिकू लागले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी आपल्या शिक्षकालाच अमेरिकेस येण्याची विनंती केली. क्लेर यांनी तीन वर्षांचा करार केला. आईने रडून विरोध केला, तरी १८ जून १८१६ रोजी त्यांनी जहाजावर पाऊल ठेवले. प्रवास ५२ दिवसांचा झाला. वाटेत गॅलॉडेट क्लेर यांच्याकडून खुणा शिकत आणि क्लेर त्यांच्याकडून इंग्रजी. रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहावी आणि ती तपासून घ्यावी, असा क्लेर यांचा परिपाठ होता. ऐकणारा आणि न ऐकणारा दोघेही एकाच वेळी गुरू आणि शिष्य होते. उपकार कोणी कोणावर करीत नव्हते.

अमेरिकेत उतरल्यावर दोघे गावोगाव लोकवर्गणीसाठी फिरले. बॉस्टन, न्यू हेवन, आल्बनी, फिलाडेल्फिया येथे सभा झाल्या. बहिऱ्या माणसाला विचार करता येतो, हेच तेथील पुष्कळांना पटत नव्हते. क्लेर यांनी त्याबद्दल वाद घातला नाही. लोकांनी प्रश्न कागदावर लिहून द्यावेत आणि त्यांनी सर्वांसमक्ष उत्तर लिहावे, असा क्रम असे. काही महिन्यांपूर्वीच शिकावयास घेतलेल्या भाषेत ते उत्तर लिहीत, हे विसरून चालणार नाही. ऐकणाऱ्या माणसाशी गाठ पडली की कागद-पेन्सिल पुढे करावी, समोरच्याला थोडी करपल्लवी येत असल्यास हातांनी बोलावे, ओशाळू नये आणि घाईही करू नये, हीच त्यांची रीत जन्मभर राहिली. समोरच्याला थांबून लिहावे लागते याचा संकोच त्यांनी कधी केला नाही.

१५ एप्रिल १८१७ रोजी हार्टफर्ड येथे सात विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. कर्णबधिरांची अमेरिकेतील ही पहिली कायम टिकलेली शाळा. क्लेर यांनी आणलेल्या फ्रेंच खुणा आणि मुलांनी आपापल्या घरून आणलेल्या खुणा तेथे एकमेकींत मिसळल्या, आणि पुढे त्यांतूनच अमेरिकेची सांकेतिक भाषा घडली. काही मुले मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरून येत. त्या बेटाची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. तेथील चिलमार्क गावात एकोणिसाव्या शतकात दर पंचवीस माणसांत एक जन्मतः बहिरा होता, आणि म्हणून ऐकणारे शेजारीपाजारी, कोळी, शेतकरी सगळेच खुणांची भाषा जाणत. तिथल्या बहिऱ्या माणसाला घराबाहेर पडताना कोणा दुभाष्याची गरज नव्हती. अशा गावातून आलेली मुले आणि आयुष्यात दुसरा बहिरा न पाहिलेली मुले एकाच वसतिगृहात राहत. भाषा वर्गात जितकी वाढली त्याहून अधिक ती जेवणाच्या टेबलावर आणि रात्रीच्या दिव्याखाली वाढली असेल, असे आम्हास वाटते. प्रारंभी क्लेर व्याकरणाच्या नियमांत बसवलेल्या कृत्रिम खुणा शिकवीत. मुलांच्या हातांत त्या रुळत नाहीत हे पाहून पुढे त्यांनी त्या सोडून दिल्या.

मे १८१८ मध्ये कनेक्टिकटचे गव्हर्नर आणि विधिमंडळ यांच्यासमोर क्लेर यांचे इंग्रजी भाषण गॅलॉडेट यांनी वाचून दाखवले. सृष्टीत झाडे, फुले, प्राणी यांचे असंख्य प्रकार आहेत, तसाच माणसामाणसांतही भेद आहे आणि बहिरेपण हा त्यांतलाच एक, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षाच्या आरंभी ते वॉशिंग्टनला जाऊन आले होते. काँग्रेसच्या सभागृहात सभापती हेन्री क्ले यांच्या शेजारी त्यांना आसन मिळाले, सदस्यांशी त्यांनी फ्रेंच व इंग्रजीत लिहून संभाषण केले आणि राष्ट्राध्यक्ष मन्रो यांचीही भेट घेतली. पुढल्या वर्षी काँग्रेसने शाळेस सुमारे २३,००० एकर जमीन दिली.

१८१९ मध्येच क्लेर यांनी एलायझा बोर्डमन या शाळेतील कर्णबधिर विद्यार्थिनीशी विवाह केला. दोन बहिऱ्यांनी संसार मांडावा हे त्या काळी हितचिंतकांनाही रुचत नव्हते. त्यांना सहा मुले झाली आणि सर्व ऐकणारी होती. पण समजा ती बहिरी असती, तरी या विवाहात काय चुकले असते? चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने एलायझा आणि तिची तान्ही मुलगी यांचे चित्र काढले आहे. त्यात आईची बोटे करपल्लवीतील ई हे अक्षर दाखवतात. चित्रासाठी बसताना तिला हात लपवावेसे वाटले नाहीत.

तीन वर्षांसाठी आलेले क्लेर ४१ वर्षे शिकवीत राहिले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक अनेक राज्यांतील शाळांत गेले. १८५० साली शेकडो माजी विद्यार्थी हार्टफर्डला जमले आणि त्यांनी क्लेर व गॅलॉडेट यांस चांदीची पात्रे अर्पण केली. १८५८ मध्ये ते निवृत्त झाले. १८६४ मध्ये वॉशिंग्टन येथे कर्णबधिरांचे महाविद्यालय निघाले, तेव्हा ७८ वर्षांचे क्लेर त्या समारंभास उपस्थित होते. १८ जुलै १८६९ रोजी हार्टफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अकराच वर्षांनी मिलान शहरात शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत कर्णबधिर एकच होता. बहिऱ्या मुलांना केवळ मुखभाषणानेच शिकवावे असे तेथे ठरले. शाळाशाळांतून कर्णबधिर शिक्षकांना निरोप मिळाला आणि मुलांच्या हातांवर छड्या बसू लागल्या. मुंबईत कर्णबधिरांची शाळा निघाली ती १८८० च्या दशकात, याच वाऱ्यांत, आणि तेथेही मुखभाषणाचीच पद्धत आली. आजही बहिऱ्या मुलाचे पालक शाळेत पहिला प्रश्न विचारतात तो मूल बोलू लागेल ना, हाच. १९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे हे दाखवून दिले. मिलानचे ते ठराव फेटाळून त्यांबद्दल खेद व्यक्त करण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले. व्हॅंकूव्हर येथे भरलेल्या त्याच परिषदेत ते घडले.