लिलियन वॉल्ड आणि शाळेची परिचारिका

शाळेंत आरोग्यतपासणीचा दिवस आला म्हणजे कित्येक मुलांच्या पोटांत भीतीचा गोळा उठतो, आणि तपासणीची चिठ्ठी घरीं पोंचली म्हणजे कित्येक पालकांच्या कपाळाला आंठी पडते. मुलाला लस टोचल्याचा दाखला पाठवा, त्याचे डोळे तपासून घ्या, अंगांत ताप असतां त्याला शाळेंत पाठवूं नका, अशा सूचना वाचून शाळा आपल्यावर उगीच एक ओझें लादीत आहे असें कोणाकोणास वाटतें. परंतु अशा सूचनांच्या मागें केवढी कळकळ असते, आणि ती कळकळ नुसती कागदावर न राहतां मुलाच्या घरापर्यंत पोंचावी म्हणून एका बाईंनीं आपलें सारें आयुष्य कसें वेंचलें, हें कळलें म्हणजे त्याच चिठ्ठीकडे आपण निराळ्या दृष्टीनें पाहूं लागूं. त्या बाईंचें नांव मिस लिलियन वॉल्ड.

लिलियनचा जन्म अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सिनसिनाटी शहरीं ता. १० मार्च १८६७ रोजीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तिचे वडील चष्म्यांच्या मालाचे व्यापारी होते. पुढें हें कुटुंब न्यूयॉर्क संस्थानांतील रोचेस्टर गांवीं राहावयास गेलें. घरीं पुस्तकें होतीं, संगीत होतें, कशाची वाण नव्हती. सोळाव्या वर्षीं तिनें एका नामांकित महाविद्यालयांत प्रवेश मागितला. परंतु वय लहान म्हणून तो मिळाला नाहीं. सुखवस्तु घरांतील मुलीप्रमाणें तिचीं पुढील कांहीं वर्षें गेलीं. पण त्या सुखांत तिचें मन रमेना. एकदां बहिणीच्या बाळंतपणांत एक शिकलेली परिचारिका घरीं आली. तिचें शांत, नेटकें काम पाहून लिलियनच्या मनानें घेतलें कीं, आपणहि हेंच करावें. १८८९ सालीं ती न्यूयॉर्क येथील रुग्णालयाच्या परिचारिकाशाळेंत दाखल झाली व १८९१ सालीं तेथील शिक्षण पुरें करून बाहेर पडली. त्यानंतर वर्षभर तिनें पोरक्या मुलांच्या एका संस्थेंत काम केलें, आणि मग अधिक ज्ञान मिळवावें म्हणून स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत नांव घातलें.

त्या काळीं न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेकडील भागांत रशिया, पोलंड, इटली इत्यादि देशांतून पोटासाठीं आलेल्या गरीब लोकांची दाट वस्ती होती. अंधाऱ्या, उंच चाळी, एकेका बिऱ्हाडांत दाटीवाटीनें राहणारीं माणसें, आणि भाषा परकी. तेथील बायकांना घरच्या आजाऱ्याची शुश्रूषा शिकविण्यासाठीं एक वर्ग चालत असे, व तो शिकविण्याचें काम लिलियनकडे होतें. १८९३ च्या मार्च महिन्यांत एका पावसाळी सकाळीं ती बिछाना कसा घालावा याचा धडा देत होती. इतक्यांत एक लहान मुलगी रडवेल्या तोंडानें आंत आली. तिची आई आजारी होती, आणि बाईंनीं आपल्याबरोबर घरीं यावें एवढेंच तिचें मागणें होतें. लिलियन धडा तसाच टाकून तिच्या मागून निघाली. चिखल तुडवीत, घाणीचे ढीग ओलांडीत आणि निसरडे जिने चढत दोघी एका मागील बाजूच्या चाळींतील बिऱ्हाडांत पोंचल्या. दोन खोल्यांत सात माणसांचें कुटुंब, आणि त्यांतच भाड्यानें ठेवून घेतलेलीं परकीं माणसें. घरचा कर्ता पुरुष अपंग. आंत बाळंतीण बाई दोन दिवसांच्या वाळलेल्या रक्तानें माखलेल्या अंथरुणावर पडून होती. लिलियननें तिला स्वच्छ केलें, खोली झाडून काढली, पोरांना धीर दिला. ती जावयास निघाली तेव्हां घरच्या माणसांनीं कृतज्ञतेनें तिच्या हातांचें चुंबन घेतलें.

हीं माणसें आळशी नव्हतीं कीं निर्दय नव्हतीं. त्यांच्यापर्यंत मदत पोंचली नव्हती, एवढाच त्यांचा दोष. शहरांत रुग्णालयें होतीं, डॉक्टर होते, औषधें होतीं. परंतु त्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर येणारें कोणी नव्हतें. ही गोष्ट लिलियनच्या मनांत कायमची रुतली. तिनें महाविद्यालय सोडलें आणि मेरी ब्रूस्टर या आपल्या मैत्रिणीसह त्याच वस्तींत जेफर्सन स्ट्रीटवरील एका चाळीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलें. शेजाऱ्यांच्या हांकेला धांवून जावें, आजाऱ्याला त्याच्या घरींच न्हाऊं-माखूं घालावें, औषध द्यावें आणि घरच्या माणसांना तें काम शिकवावें, असा दोघींचा क्रम सुरू झाला. ज्याला शक्य असेल त्याच्याकडून त्या अगदीं थोडी फी घेत. कारण भिक्षा घेतल्याचा सल कोणाच्याहि मनांत राहूं नये, असा त्यांचा कटाक्ष असे. १८९५ सालीं जेकब शिफ या धनिक गृहस्थांच्या साह्यानें त्यांना हेन्री स्ट्रीटवर एक घर मिळालें, आणि तेंच पुढें हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या नांवानें प्रसिद्धीस आलें.

या वस्तींत फिरतांना वॉल्डबाईंना एक बारा वर्षांचा मुलगा भेटला. त्याची आई एका हातानें कडेवरचें मूल सांवरीत दुसऱ्या हातानें खाटकांचे एप्रन धुवीत होती; तेंच तिच्या पोटाचें साधन होतें. मुलाच्या डोक्यावर इसब होता. शाळेंत गेला कीं त्याला घरीं परत पाठवीत. दवाखान्यांत तो अनेकदां गेला होता, मलमहि मिळालें होतें, पण तें नीट रीतीनें लावावें कसें हें घरीं कोणास उमगलें नव्हतें. आई म्हणे मुलगा वाईट, आणि मुलाला लाज वाटे ती ही कीं, बारा वर्षांचा होऊनहि आपणांस रस्त्याच्या दिव्यावरील नांव वाचतां येत नाहीं. वॉल्डबाईंनीं तेंच मलम विचारपूर्वक व नेमानें लावलें. इसब बरा झाला, आणि सप्टेंबर महिन्यांत तो मुलगा जन्मांत पहिल्यानें शाळेंत दाखल झाला. दुसऱ्या दिवशीं दुपारच्या सुटींत तो पांच मजले धांवत चढून वर आला. सकाळीं शिकलेल्या चार सोप्या शब्दांचीं अक्षरें बाईंना म्हणून दाखवावीं, यासाठीं त्याचा जीव वरखालीं होत होता.

एका मुलाचें काम झालें. पण अशीं मुलें हजारों होतीं. न्यूयॉर्क शहरानें १८९७ पासून शाळांतून डॉक्टरांकडून तपासणी सुरू केली होती. खरूज, गजकर्ण, उवा, डोळ्यांतील खुपऱ्या असा संसर्गजन्य विकार दिसला कीं मुलाला घरीं पाठवीत. इतरांना लागण होऊं नये म्हणून हें करणें योग्यच होतें. परंतु घरीं गेलेल्या मुलाचें पुढें काय? त्याच्या हातीं दिलेली चिठ्ठी पुष्कळ आयांना वाचतांच येत नसे. ज्यांना वाचतां येई त्यांना उपाय ठाऊक नसे. मूल औषधावांचून आठवडेच्या आठवडे गल्लींत हुंदडे, आणि शाळा सुटली म्हणजे ज्या सोबत्यांपासून त्याला दूर ठेविलें त्यांच्याशींच खेळे. म्हणजे रोगहि थांबला नाहीं आणि शिक्षण मात्र बुडालें. सप्टेंबर १९०२ या एका महिन्यांत अशा रीतीनें शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ झाली.

तेव्हां वॉल्डबाईंनीं शहराच्या अधिकाऱ्यांपुढें एक योजना मांडली. आपल्या संस्थेंतील एक अनुभवी परिचारिका महिनाभर शाळांना द्यावी. आणि काम पटलें तर पुढील खर्च शहरानें उचलावा. या कामासाठीं त्यांनीं लीना रॉजर्स या मूळच्या कॅनडांतील परिचारिकेची निवड केली. ता. १ ऑक्टोबर १९०२ पासून रॉजर्सबाई ज्या शाळांतून सर्वांत जास्त मुलें घरीं पाठविलीं जात अशा चार शाळांत जाऊं लागल्या. साधनें जुजबीच होतीं. परंतु ज्या मुलाला पूर्वीं थेट घरची वाट दाखविली असती त्याची जखम धुऊन, पट्टी बांधून, डोळ्यांत औषध घालून त्याला त्या पुन्हां वर्गांत बसवीत. ज्याला घरीं ठेवणें भागच असे त्याच्या घरीं त्या शाळेचें काम संपल्यावर स्वतः जात. चिठ्ठी वाचून दाखवीत, केंस कसे धुवावे, मलम कसें लावावें, हें आईच्या समक्ष करून दाखवीत, आणि मूल बरें होतांच त्याला शाळेंत परत आणीत. त्या एका महिन्यांत त्यांनीं १३७ घरांना भेटी दिल्या.

महिना संपला तेव्हां आणखी पुरावा मागण्याची कोणास गरज वाटली नाहीं. शहरानें या कामासाठीं तीस हजार डॉलर मंजूर केले व आणखी परिचारिका नेमल्या. पुढील वर्षीं, म्हणजे सप्टेंबर १९०३ मध्यें, शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ वरून १,१०१ वर आली. लंडनमधील शाळांत परिचारिका याआधींच जाऊं लागल्या होत्या. परंतु अमेरिकेंत सरकारी खर्चानें शाळेंत परिचारिका नेमण्याचा हाच पहिला प्रसंग होय.

वॉल्डबाईंचें काम येथेंच थांबलें नाहीं. त्यांनीं आपल्या घरामागील अंगणांत मुलांसाठीं खेळाचें मैदान केलें. अभ्यासांत मागें पडणाऱ्या मुलांकरितां निराळा वर्ग काढणाऱ्या शिक्षिकेच्या पाठीशीं त्या उभ्या राहिल्या. सरकारचा एक मंत्री कपाशीवरील किडीची चौकशी करण्यास निघाला आहे, असें एकदां त्यांच्या वाचनांत आलें. कपाशीच्या पिकासाठीं सरकार एवढा खटाटोप करतें, तर देशांतील मुलांची काळजी वाहणारें एकहि खातें असूं नये, हें त्यांच्या मनाला लागलें. त्यांनीं व फ्लॉरेन्स केली या त्यांच्या सहकारी बाईंनीं १९०३ पासून हा विचार लावून धरला, आणि नऊ वर्षांनीं, १९१२ सालीं, मुलांच्या हितासाठीं सरकारचें स्वतंत्र खातें स्थापन झालें. त्याच वर्षीं सार्वजनिक आरोग्यासाठीं काम करणाऱ्या परिचारिकांची राष्ट्रीय संघटना निघाली व तिच्या पहिल्या अध्यक्षा वॉल्डबाईच झाल्या. चाळीच्या वरच्या मजल्यावर दोघींनीं आरंभिलेल्या कामांत १९१३ पर्यंत ९२ परिचारिका झाल्या होत्या. १९१८ सालीं इन्फ्ल्यूएन्झाची भयंकर सांथ आली तेव्हां शहरांतील परिचारिकांची जुळवाजुळव करण्याचें अवघड काम त्यांनींच अंगावर घेतलें. १९३३ सालीं त्यांनीं संस्थेचा भार दुसऱ्यांच्या हातीं सोंपविला, आणि ता. १ सप्टेंबर १९४० रोजीं कनेक्टिकट संस्थानांतील वेस्टपोर्ट येथें त्यांचें देहावसान झालें.

या चरित्रांत पालकांनीं व मुलांनीं घेण्यासारखी एक गोष्ट आहे. तपासणी करणारा डॉक्टर रोग शोधून काढील, शाळा नियम करील, परंतु शाळेची चिठ्ठी आणि घरची आई यांच्यामध्यें जो जिना आहे तो चढल्यावांचून मूल बरें होत नाहीं. रॉजर्सबाई तो जिना शाळेच्या बाजूनें चढल्या. परंतु वर पोंचल्यावर दार उघडणारी आई घरांत होती, म्हणूनच तें काम तडीस गेलें.

तेव्हां पालकहो, शाळेकडून आरोग्याविषयीं कांहीं मागणें आलें तर तें आपल्या मुलावरील ठपका समजूं नका. लस टोचल्याचा दाखला जपून ठेवा व मागतांच द्या. मुलाला पूर्वीं झालेला मोठा आजार, एखादें औषध न सोसणें, फेफरें, दमा, कमी ऐकूं येणें, असें कांहीं असेल तर तें लाजेनें झांकून ठेवूं नका. कारण शाळेंत ऐन वेळीं मुलाजवळ तुम्ही नसणार, आणि जे असतील त्यांना तें ठाऊक असलें पाहिजे. तापांत, गोंवरांत किंवा कांजिण्यांत हजेरीच्या लोभानें मुलाला पाठवूं नका, आणि तें बरें झाल्यावर उगीच घरींहि ठेवूं नका. चिठ्ठींतील मजकूर उमगला नाहीं तर शाळेंत येऊन विचारा. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रांनो, डोक्यांत उवा झाल्या, फळ्यावरील अक्षर दिसेनासें झालें, तर तें लपवूं नका. ज्याला झालें आहे त्याला हंसूं तर मुळींच नका. इसबानें डोकें भरलेल्या त्या मुलाला लोकांनीं वाईट ठरविलें होतें. तो वाईट नव्हता. त्याच्या मलमाकडे कोणीतरी नीट लक्ष द्यावयास हवें होतें, एवढेंच. तें लक्ष मिळतांच तो पांच मजले धांवत चढला आणि वाचूं लागला.