घराघरांतले देव, गावाची एक प्रार्थना

चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखले जाते. एक, माघ महिन्यातील बालाजीची घोडायात्रा आणि दुसरी, १९४२ चा क्रांतिलढा. या दोहोंच्या बरोबरीने घ्यावे असे तिसरे नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे. चिमूर तालुक्यातील गोंदोड्याच्या अरण्यात त्यांनी तरुणपणी साधना केली. ती जागा आज तपोभूमी म्हणून पूज्य मानली जाते. एकांतात मिळालेले ईश्वरप्रेम चारचौघांत कसे वाटावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांचे पुढचे सारे आयुष्य गेले.

महाराजांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावलीचा, ३० एप्रिल १९०९ चा. माणिक हे त्यांचे मूळ नाव. आई मंजुळा, वडील बंडोजी. घरची परिस्थिती बेताचीच. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्यांच्यावर गुरुकृपा केली आणि माणिकचा तुकड्या झाला. शाळेतील शिक्षण फारसे झाले नाही. मात्र मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. खंजिरीच्या तालावर ती ऐकताना मजूर, शेतकरी आणि शिकलेला शहरी माणूस एकाच सतरंजीवर बसत असे.

त्या काळातील विदर्भाचे चित्र दुहेरी होते. एकीकडे नागपूरच्या भोसले घराण्यातील राजे रघुजीरावांनी ताजुद्दीन बाबा या मुस्लिम अवलियाला आपल्या राजवाड्यात सन्मानाने ठेवून घेतले होते. १९२५ मध्ये बाबांचे निधन झाल्यावर त्यांच्या दर्ग्यावर हिंदू आणि मुसलमान दोघांचीही गर्दी होत राहिली. दुसरीकडे अवघ्या दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, त्याच नागपुरात धार्मिक दंगल उसळली. श्रद्धा माणसांना जोडते तशी तोडतेही, हा धडा या प्रदेशाने एकाच पिढीत घेतला.

या पार्श्वभूमीवर महाराजांनी निवडलेला मार्ग अगदी साधा होता. १९३५ मध्ये त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. गुरुदेव सेवा मंडळाच्या माध्यमातून पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगावी सुरू झाली. या प्रार्थनेत विशिष्ट देवाच्या मूर्तीचा आग्रह नव्हता. जातीनुसार वेगळी रांग नव्हती. स्त्रिया, मुले, वृद्ध सारे शिस्तीने बसत. घरातील देव्हारा कोणाला हलवावा लागला नाही, कुळाचार सोडावा लागला नाही. दिवसातील थोडा वेळ मात्र सर्वांचा झाला. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहिले. सर्व धर्मांना स्थान देणारी प्रार्थना तेथील आश्रमजीवनाचाही कणा होती.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी नागपंचमी होती. त्या सणाच्या दिवशी चिमूरमध्ये मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर यांच्यासारखे तरुण हुतात्मा झाले आणि संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर लष्कराने गावावर, विशेषतः स्त्रियांवर, केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी प्रदीर्घ उपोषण केले. महाराजांच्या भजनांनी हा परिसर आधीच चेतलेला होता. त्याच महिन्यात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. सणासाठी जमलेला समुदाय किती प्रचंड शक्ती असतो, हे चिमूरने देशाला दाखवून दिले होते. त्या शक्तीला स्वातंत्र्यानंतर विधायक वळण देणे, हेच महाराजांच्या उत्तरायुष्याचे कार्य ठरले.

१९५५ च्या सुमारास सिद्ध झालेल्या ग्रामगीतेत हा विचार सविस्तर आला आहे. एकेचाळीस अध्यायांच्या या ग्रंथात सण-उत्सव, यात्रा-मेळे, देवमंदिरे आणि सामुदायिक प्रार्थना यांना स्वतंत्र अध्याय दिले आहेत. संपूर्ण गाव हे एक कुटुंब, ही त्यामागची दृष्टी. कुटुंबात एकाच्या घरी गोडधोड आणि दुसऱ्याची चूल थंड असे चालत नाही. तसेच गावाच्या सणाचे. सण हा खर्चाचा आणि मानपानाचा प्रसंग न राहता स्वच्छता, श्रमदान आणि परस्परप्रेमाचे निमित्त व्हावा, अशी त्यांची तळमळ होती. १९५५ मध्येच जपानमधील विश्वधर्म परिषदेत त्यांच्या खंजिरीचा नाद घुमला.

महाराजांची ही उदारता स्वधर्माविषयीच्या उदासीनतेतून आलेली नव्हती, हे आवर्जून लक्षात घ्यायला हवे. ते भारत साधू समाजाचे अध्यक्ष होते. १९६४ मध्ये विश्व हिंदू परिषदेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. स्वतःच्या परंपरेत पाय घट्ट रोवलेला माणूसच दुसऱ्याच्या प्रार्थनेला निर्भयपणे जागा देऊ शकतो, असा त्यांच्या जीवनाचा अर्थ लावता येतो. हिंदू घरात ईदचा शीरखुर्मा आणि मुस्लिम घरात दिवाळीचा फराळ पोहोचतो, तेव्हा कोणाचाही धर्म कमी होत नाही. आजही अनेक घरांत आंतरधर्मीय विवाहामुळे वा शेजारामुळे दोन परंपरांचे सण एकत्र येतात. कोणता सण वगळायचा, असा पेच तेथे उभा राहतो. महाराजांच्या प्रार्थनेने वगळण्याऐवजी सामावून घेण्याची वाट दाखवली आहे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंजात महाराजांचे महानिर्वाण झाले. दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी तेथे लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहून मौन श्रद्धांजली वाहतो आणि त्या सोहळ्यात विविध धर्मांच्या प्रार्थना होतात. भाषणाने जे क्वचित साधते, ते त्या शांततेत साधलेले दिसते. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव मिळाले, हा गौरव उचितच. तथापि, त्यांचे खरे स्मारक सायंकाळी कुठल्याशा लहान गावात, सतरंजी अंथरून एकत्र बसणाऱ्या माणसांमध्ये आहे. ती सतरंजी आपल्या घरात आणि सोसायटीच्या आवारात अंथरायला वेगळ्या मुहूर्ताची गरज नाही.