महर्षि कर्वे यांचें उत्तरायुष्य

साठी बुद्धि नाठी ही म्हण आपल्या घरोघरीं इतक्या सहजपणें उच्चारली जाते, कीं ती ऐकणाऱ्या वृद्धालाहि ती खरी वाटूं लागते. आजोबांनीं ओटीवर बसावें, नातवंडें खेळवावीं व बाकी कशांत लक्ष घालूं नये, अशी आपली समजूत असते. धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या आईबापांनीं तर अवश्य, या दृष्टीनें पाहावें.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं कोंकणांत झाला व बालपण मुरूड गांवीं गेलें. वयाच्या सतराव्या वर्षीं एका परीक्षेसाठीं ते सह्याद्रि ओलांडून साताऱ्यास पायीं गेले. अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथें पोंचल्यावर, मुलगा फारच लहान दिसतो, म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं! परीक्षा हुकली, पण चालण्याची संवय जडली ती जन्मभर. पुढें ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. विधवांसाठीं त्यांनीं १८९६ सालीं काढलेला आश्रम प्लेगाच्या दिवसांत पुण्याबाहेर हिंगण्यास न्यावा लागला. कॉलेज सुटल्यावर ते सुमारें चार मैलांची वाट तुडवीत आश्रमांत जात व दुसऱ्या दिवशीं पुन्हां कॉलेजांत हजर होत. वार्धक्यांत जी प्रकृति त्यांच्या उपयोगीं पडली, ती या वाटेवर कमावलेली होती असें मला वाटतें.

१९१४ सालीं ते निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीनें त्यास स्थैर्य आलें. आतां तरी विसांवा घ्यावा कीं नाहीं? १९२९ सालीं, एकाहत्तराव्या वर्षीं, ते विद्यापीठाच्या प्रचारार्थ युरोप, अमेरिका व जपान असा प्रवास करण्यास निघाले. परत येऊन वर्ष लोटतें न लोटतें तोंच आफ्रिकेस गेले. मूळचे ते मितभाषी व भिडस्त. परमुलुखांत व्याख्यानें देणें ही त्यांच्या स्वभावाविरुद्धची गोष्ट होती.

मला याहूनहि मोठी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. आपण उभारलेल्या संस्था त्यांनीं इतरांच्या हातीं सोंपविल्या. अधिकाराची खुर्ची धरून बसणारे वृद्ध पुष्कळ असतात. ती सोडून पुन्हां पहिल्या पायरीवर उभे राहणारे थोडे. १९३६ सालीं, अठ्याहत्तराव्या वर्षीं, कर्व्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवें मंडळ काढलें. ज्या गांवीं शाळा नाहीं तेथें ती सुरू करावयाची, एवढाच हेतु. विद्यापीठाचा संस्थापक पुण्यांत दारोदार फिरून या कामासाठीं लहानसहान वर्गण्या गोळा करूं लागला. कोणी कांहीं आणे दिले तरी ते आनंदानें घेत.

या तपश्चर्येची झळ घरच्यांसहि लागली, हें सांगितलें पाहिजे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांत शिकलेल्या. स्वतः विधवा असतां १८९३ सालीं कर्व्यांशीं पुनर्विवाह करून त्यांनीं समाजाचा बहिष्कार सोसला, आणि पतीची मिळकत संस्थांकडे जात असतां ओढाताणीनें संसार चालविला. आश्रमासाठीं त्यांनींहि वर्गण्या मागितल्या. त्यांचें आत्मचरित्र माझे पुराण हें वाचल्यावांचून या चरित्राची दुसरी बाजू कळत नाहीं. त्या १९५० सालीं वारल्या.

१९४४ सालीं, ८६ व्या वर्षीं, जातिभेद नाहींसा व्हावा म्हणून कर्व्यांनीं समता संघ काढला. १९५८ सालीं, शंभरी पुरी झाली त्या वर्षीं, त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, १०४ वर्षांचे असतां, त्यांचें देहावसान झालें. हिंगण्याच्या त्या भागास आज कर्वेनगर म्हणतात आणि पुण्याहून तिकडे जाणाऱ्या रस्त्यासहि त्यांचेंच नांव आहे.