सेवेतून मिळालेली विद्या : सुन लुथांग

चीनच्या हबेई प्रांतात जन्मलेल्या सुन लुथांग यांचे बालपण गरिबीत गेले. पुढे शिंगयी आणि बाग्वा या अंतर्गत युद्धकलांमध्ये ते नामवंत झाले. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, तेव्हा ताई चीचे गुरु हाओ वेइचन बीजिंगमध्ये आजारी पडले. सुन यांनी वैद्य आणला, सकाळ-संध्याकाळ त्यांची सेवा केली. बरे झाल्यावर हाओंनी कृतज्ञतेने आपली विद्या त्यांना दिली. नामवंत गुरु पुन्हा विद्यार्थी झाले! तिन्ही कलांचे मूळ त्यांना ताओ साधनेतच दिसले. खरे बळ स्नायूंत नसून शांत, स्थिर मनात आहे, हे त्यांनी १९१५ पासून ग्रंथांतून मांडले. १९३३ मध्ये त्यांनी देह ठेवला. साधनेत पुढे गेल्यावरही आपल्यातील विद्यार्थी जागा आहे ना?